वहिनी, सासूबाई आणि बेटावरचं अधिवेशन

औषधांच्या दुकानाला वळसा घालून मागे गेलं की वहिनींचं पार्लर लागतं. दोन खुर्च्या, एका भिंतीवर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि दारामागे टॉवेल वाळत घालायची दोरी. पाटी इतकी लहान की नवखं माणूस हमखास पुढे निघून जातं आणि औषधवाल्याला विचारत परत येतं. औषधवाला आता मान वर न करताच बोटाने मागची बाजू दाखवतो.

त्यांना सगळे वहिनी म्हणतात ते त्यांच्या नवऱ्यामुळे. नवरा वायरमन होता आणि गावातल्या सेवा क्लबचा सभासद. क्लबचा कुठलाही कार्यक्रम असला की माईक, दिवे, पंखे सगळं त्याच्याकडे. रक्तदान शिबिरात तो स्वतः रक्त द्यायचा आणि हाताला पट्टी तशीच ठेवून शिडीवर चढायचा. क्लबातली सगळी मंडळी त्याला भाऊ मानायची, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी.

एका सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला तो खाली वाकला, तो पुन्हा उठलाच नाही. लेक तेव्हा शाळेत होती. वहिनींनी पार्लरला कुलूप लावलं आणि घरात बसून राहिल्या. चूल पेटायची, लेकीचा डबा व्हायचा, पण त्या स्वतः कशातच नव्हत्या. हाताला गरम लागलं तरी चटकन कळायचं नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचा तर एकुलता एक मुलगा गेलेला. पण त्या चारचौघांत कधी रडल्या नाहीत. जिभेला धार पहिल्यापासून होती, ती तशीच राहिली. काही आठवडे त्यांनी वाट पाहिली आणि मग एक दिवस सकाळी सुनेपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"दुकान उघड," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला काम नसलं तर या घरात आपण दोघी एकमेकींना खाऊन टाकू."

वहिनींना तेव्हा ते फार लागलं. पोटचा मुलगा गेला आणि या बाईला दुकानाचं पडलंय, असं मनात आलं. पण वाद घालायचीही ताकद नव्हती, म्हणून त्या गेल्या आणि दुकान उघडलं. पुढे क्लबची मंडळी आली आणि म्हणाली, भाऊंची जागा रिकामी आहे, तुम्ही या. वहिनींना वाटलं, लोक बोलतात आणि विसरतात. हे विसरले नाहीत. दर बैठकीच्या आधी कोणीतरी दारात हजर. मग त्या जाऊ लागल्या. दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, कोणी मत विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायच्या.

एकदा क्लबतर्फे सरकारी इस्पितळात फळं वाटायला गेल्या असताना त्यांना ती बाई दिसली. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली, केसांचा नुसता गोळा झालेला. नर्सची काही चूक नव्हती. एवढ्या मोठ्या वॉर्डात विंचरत कोण बसणार? तिने सरळ कात्री आणली होती आणि ती बाई दोन्ही हातांनी तो गोळा धरून बसली होती. बोलत नव्हती, फक्त मान हलवत होती. वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, हे माझ्याकडे द्या. तेलाची बाटली मागवली, पलंगाच्या कडेला बसल्या आणि टोकाकडून सुरुवात केली. ती दुपार गेली, दुसरी दुपारही गेली. शेवटी खांद्यावर रुळणारे केस मोकळे झाले तेव्हा त्या बाईने ते पुढे घेतले आणि वास घेत राहिली.

तेव्हापासून दर सोमवारी, पार्लर बंद असतं त्या दिवशी, वहिनी इस्पितळात जाऊ लागल्या. हळूहळू पुरुषांच्या वॉर्डातूनही बोलावणं यायला लागलं. क्लबने त्याला नाव दिलं, केसांची फेरी. वहिनींना ते चाललं. सासूबाई मात्र म्हणाल्या की नाव ऐकून कोणाला वाटेल, ही बाई हातगाडीवर केस विकते.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस क्लबचे अध्यक्ष धापा टाकत पार्लरात आले. त्यांचं बाजारात खिळे-मोळे, कड्या-कोयंडे यांचं दुकान. खुर्चीत गिऱ्हाईक आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. देशोदेशीच्या क्लबांचं वार्षिक अधिवेशन या वर्षी लांबच्या एका बेटावर भरणार होतं आणि तिथे सांगण्यासाठी आपल्या विभागातून केसांची फेरी निवडली गेली होती. जायची-यायची, राहायची सगळी सोय होणार होती, बरोबर एक सोबतीही नेता येणार होता.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणाल्या, तुम्हीच जा, तुम्हाला बोलायची सवय आहे.

"अहो वहिनी, मी तिथे जाऊन काय सांगू?" अध्यक्ष म्हणाले. "खिळे विकतो म्हणून?"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकानेही अध्यक्षांचीच बाजू घेतली. दोघांपुढे वहिनींचं काही चाललं नाही.

सोबतीचा प्रश्न उरला. लेक आता दुसऱ्या शहरात शिकत होती आणि तिची परीक्षा तोंडावर आली होती. धाकट्या बहिणीने विमानाचं नाव काढताच हात जोडले. वहिनी घरी येऊन हे सगळं सांगत होत्या, तेव्हा सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी येते."

"आई, विमानानं जायचंय. आणि पुढे बोटीनं."

"मग? मला काय चालवत न्यायचा विचार होता?"

पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई अशा तऱ्हेने निघाल्या. वहिनींनी आपली कात्री, कंगवे आणि फणी सामानाच्या मोठ्या बॅगेत घातली होती; ती सवयच होती, हत्यारं बरोबर नसली की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. विमानतळावर ही गोष्ट लपवणं सासूबाईंना पटेना. तिकीट बघणाऱ्याला, पट्ट्यावर बॅगा ठेवणाऱ्याला आणि शेवटी फरशी पुसणाऱ्या माणसालाही त्यांनी बजावून सांगितलं, "मोठ्या बॅगेत कात्री आहे बरं का. पण ती कामाची आहे." वहिनी लाजेने अर्ध्या झाल्या. विमानात मात्र सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या आणि ढग खाली गेल्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

विमानातून उतरून लाँच पकडली आणि बेट आलं. आधी वास आला, खारट आणि ओल्या लाकडाचा. मग झाडं दिसली, सगळी वाऱ्याने एकाच बाजूला कललेली. किनाऱ्यावरचा रस्ता पांढऱ्या चुरचुरणाऱ्या खड्यांचा होता. पाऊस न सांगता यायचा, पाच-दहा मिनिटं झोडपून काढायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून जायचा. हवा इतकी दमट की पहिल्या दिवशी धुतलेला टॉवेल शेवटच्या दिवसापर्यंत ओलाच राहिला. वहिनींनी स्वतःच्या केसांकडे पाहून हात टेकले.

हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये मात्र हुडहुडी भरेल अशी थंडी. दारादारांत झेंडे, रंगीबेरंगी कोट, जिकडेतिकडे हस्तांदोलनं. सासूबाईंच्या गळ्यात 'सोबती' असं लिहिलेलं कार्ड होतं आणि ते त्या मोठ्या ऐटीत मिरवत होत्या. अशा ठिकाणी लोक आपापल्या क्लबचे छोटे बिल्ले एकमेकांना देतात. शाल पांघरलेली ही आजी बघून जो तो तिच्याजवळ यायचा आणि शालीला एक बिल्ला टोचून जायचा. घेतलं की काहीतरी द्यावं लागतं, एवढं सासूबाईंना न सांगता कळलं. त्यांनी सुनेची पर्स उघडली आणि प्रत्येकाला केसांची एकेक पिन द्यायला सुरुवात केली. दुपारपर्यंत शालीवर जागा उरली नाही आणि वहिनींकडे पिन उरली नाही. एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी ती पिन कोटाच्या कॉलरला लावून घेतली आणि पुढे सगळे दिवस तशीच वागवली.

सासूबाई अशा मजेत होत्या, पण वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. व्यासपीठावर एकामागून एक माणसं येत होती. कोणी विहिरी खणल्या होत्या, कोणी हजारोंची डोळ्यांची ऑपरेशनं करवली होती, कोणी पाय नसलेल्यांना पाय दिले होते. ऐकून वहिनींचा ऊर भरून यायचा, पण मनात यायचं, या सगळ्यांपुढे आपण जाऊन सांगायचं काय, तर केस विंचरले.

त्यात भाषण अध्यक्षांनी लिहून दिलेलं. त्यांनी त्यावर रात्री जागवल्या होत्या आणि शब्द शोधशोधून घातले होते. बोलणं इतरांच्या भाषेत करून सांगायला एक दुभाषी मुलगी नेमलेली होती. तिचे आजी-आजोबा कधीकाळी आपल्याकडून तिकडे गेलेले, त्यामुळे ती आपली भाषा बोलायची, पण तो, ती, ते यांचा तिने पार काला केला होता. तिने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मावशी, तुमचा भाषण फार मोठी आहे," ती काळजीने म्हणाली. मग एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे अध्यक्षांनी लिहिलं होतं की समाजपुरुषाच्या मस्तकावरील उपेक्षेच्या जटा आम्ही मायेच्या फणीने सोडवतो. "हा समाजपुरुष कोण? तो पण येणार आहे?"

सासूबाई हसता हसता खुर्चीत लवंडल्या. त्या मुलीने मग वहिनींना समजावलं की कागद नको, तुम्ही काय करता ते छोट्या छोट्या वाक्यात सांगा, मी ते उचलून पलीकडे ठेवते. वहिनींना तिचं ते सांगणं फार आवडलं. उचलून पलीकडे ठेवते.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक कोलमडलं. सकाळची भाषणं लांबली आणि वहिनींची पाळी जेवणानंतर गेली. नेमकी त्याच वेळी, तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ दाखवायची सहल होती. हॉल बघता बघता रिकामा झाला. उरली ती सभा चालवणारी बाई, एक विणकाम करत बसलेली पाहुणी, गारव्याला डुलक्या घेणारे दोघे-तिघे म्हातारे, कॉलरला पिन लावलेले ते गृहस्थ आणि पहिल्या रांगेत शालीवरचे बिल्ले सारखे करत बसलेल्या सासूबाई. मागच्या बाजूला हॉटेलची एक बाई ग्लास गोळा करत होती.

वहिनी माईकपुढे उभ्या राहिल्या. इतक्या लांब येऊन रिकाम्या खुर्च्यांशी बोलायचं, म्हणून वाईट वाटलं. पण बरंही वाटलं, कारण एवढी माणसं तर वॉर्डातही असतात.

त्यांनी त्या पहिल्या बाईची हकीकत सांगितली. तेलाची बाटली, टोकाकडून सुरुवात, दोन दुपारी. मुलगी एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत होती. बोलता बोलता वहिनी थांबल्या आणि घरी कधी कोणाला न सांगितलेलं बोलून गेल्या.

"माझे मालक गेल्यावर माझे हात मेले होते," त्या म्हणाल्या. "मी केस कापायचे, पण हातांना काही कळायचं नाही. त्या बाईचा गुंता सोडवताना पहिल्यांदा बोटांना केस लागले. खिडकीतलं ऊन हाताला लागलं. मी तिचे केस सोडवले असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर तिनं मला सोडवलं. ती आता बरी होऊन तिच्या गावी गेली. तिला हे सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगते."

विणकाम करणाऱ्या पाहुणीच्या सुया थांबल्या. टाळ्या वाजल्या त्या मोजक्याच, पण मनापासून. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत बसल्या होत्या.

खाली उतरल्यावर वहिनींना दिसलं की ग्लास गोळा करणारी ती बाई दुभाषी मुलीशी बोलते आहे. हातातला ट्रे तसाच. मुलीने येऊन सांगितलं की या बाईचे सासरे मासेमारी करायचे. बोट दुरुस्त करताना पडले, कंबर गेली, आणि तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. केस-दाढी वाढून डोक्याला जखमा व्हायला लागल्या आहेत. न्हावी आणला तर त्याच्या अंगावर कप फेकला. तुम्ही येऊन बघाल का, असं ती विचारते.

वहिनी घुटमळल्या. संध्याकाळी मोठी मेजवानी होती, त्यात सगळ्या क्लबांचा सत्कार व्हायचा होता, आपलं नाव पुकारलं तर कोणी हवं. त्या हे सगळं बोलून दाखवणार तोच सासूबाईंनी चपला चढवल्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "इथे बसून गारठण्यापेक्षा बरं."

खोलीवरून कात्री-कंगवे घेऊन चौघी निघाल्या. हॉटेलचं धुणीघर ओलांडलं, जनरेटरच्या खोलीला वळसा घातला आणि पत्र्याच्या घरांची ओळ लागली. घर दोन खोल्यांचं. बाहेर जाळी वाळत घातलेली, आत खिडकी बंद, आणि खिडकीखालच्या पलंगावर म्हातारा. पांढऱ्या केसांचं रान आणि छातीपर्यंत दाढी. कोण आलंय ते सुनेने सांगितलं, तेव्हा तो भिंतीकडे बघतच काहीतरी गुरगुरला. ते उचलून पलीकडे ठेवायची मुलीला गरज पडली नाही.

सासूबाईंनी स्टूल ओढलं आणि पलंगाला गुडघे लावून बसल्या. मग त्यांनी त्याला आपल्या भाषेत झापायला सुरुवात केली. एवढी सून कामावरून दमून येते आणि तुम्ही भिंत बघत बसता, घरात आलेल्या माणसाला पाठ दाखवायची ही कुठली पद्धत, असं बरंच काही. म्हाताऱ्याला एक शब्द कळत नव्हता, पण असा आवाज त्याने बहुधा पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. त्याने मान वळवली आणि आपल्या भाषेत काहीतरी सुनावलं. सासूबाईंनी उलट सुनावलं. दोघं असे काही वेळ जोरात भांडले आणि दुभाषी मुलगी दोघांच्या मध्ये गप्प उभी राहिली.

मग सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"माझा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "एकुलता एक. मी उठले. तुमची तर कंबरच गेलीय, तुम्ही का पडून आहात?"

हे मुलीने सांगितलं. म्हातारा कूस बदलून सासूबाईंकडे वळला. मग त्याने विचारलं, आणि मुलीने विचारलेलं तसंच पुढे ठेवलं, "कसा उठली तू?"

सासूबाईंनी मागे न बघता अंगठ्याने सुनेकडे दाखवलं. "हिला उठवायचं होतं. मी पडून राहिले असते तर हिला कोण उठवणार होतं?"

वहिनी कंगवा हातात धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या समजत होत्या की सासूबाईंचं काळीजच घट्ट आहे. दुकान उघड असं म्हणणाऱ्या बाईला आतून काय झालं असेल याचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. त्यांनी चादर झटकून म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकली, कारण तो आता आपल्या सुनेकडे बघत होता आणि त्याने हलकेच मान डोलावली होती.

मग वहिनी कामाला लागल्या. त्याला फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. आधी केस ओले केले, तेल लावलं, बोटांनी गुंते सैल केले. कानामागे चामडी सोलवटली होती, ती कोमट पाण्याने निगुतीने पुसून घेतली. मग कात्री चालली. पांढऱ्या केसांचा ढीग जमिनीवर पडत गेला आणि आतून एक लहानसं, कोरीव डोकं वर आलं. दाढी उतरली तेव्हा हनुवटीवरचा जुना व्रण दिसला. तो माशाच्या गळाचा आहे, असं त्याने आपणहून सांगितलं. सून दाराला टेकून उभी होती. तिने हाताने तोंड झाकून घेतलं होतं.

आरसा दिला तर त्याने गालावरून हात फिरवला आणि मुलीला काहीतरी म्हणाला. "ते म्हणते, या माणसाला मी ओळखतो," मुलीने सांगितलं. मग तो म्हणाला खिडकी उघडा. खिडकी उघडली तर समोर समुद्रच होता.

खिडकीवर त्याचं भागलं नाही. त्याने सुनेकरवी आपल्या मुलाला बोलावून घेतलं, शेजारी आले, आणि सगळ्यांनी मिळून त्याला खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं. उतरत्या उन्हात बसल्यावर त्याचा नूरच पालटला. त्याने मुलाला फर्मान सोडलं की या दोघींना बोटीतून फिरवून आण. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. मेजवानीची वेळ झाली होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रातल्या लहान बोटीत बसत होत्या. जीव मुठीत धरून त्या मधल्या फळीवर बसल्या, दोन्ही हातांनी कडा घट्ट पकडल्या. पाणी इतकं नितळ की बोटीची सावली खाली वाळूवर सरकताना दिसत होती. किनारा थोडा मागे पडला, वल्ह्यांचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नव्हता. हळूहळू सासूबाईंनी एक हात सोडला आणि बोटं पाण्यात बुडवली.

"आई," वहिनी म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही कठोर आहात."

"होतेच कठोर. तू रडकी, मीही रडकी, मग पोरीचा डबा कोणी केला असता?" मग त्या म्हणाल्या, "दुकान उघड म्हटलं ना तुला, तू गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. रोज. तू यायच्या आधी तोंड धुवायचे. तुला आज ते सांगताना ऐकलं, हात मेले होते म्हणून. मला माहीत होतं गं. पण तू उठलीस. तू उठलीस म्हणून मी जगले."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून, आई." आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"आता रडू नकोस," सासूबाई पाण्यातला हात न काढता म्हणाल्या. "इथे आधीच खारं पाणी पुष्कळ आहे."

वल्हं मारणाऱ्या मुलाला काही कळलं नाही. दोघी एकदम हसायला लागल्या तेव्हा तोही हसला.

मेजवानीला पोचेपर्यंत त्यांच्या क्लबचं नाव पुकारून झालं होतं. कॉलरला पिन लावलेले गृहस्थ त्यांच्या वतीने मंचावर गेले होते आणि त्यांनी ते मानचिन्ह सांभाळून ठेवलं होतं. ताटं आवरायला लागली होती, गोड तेवढं शिल्लक होतं. सासूबाईंनी ते दोनदा मागून घेतलं. वहिनींना वाटलं होतं की मंच हुकल्याची थोडी तरी रुखरुख लागेल, पण तसं काही झालं नाही. केसांत मीठ घेऊन त्या तिथे बसल्या होत्या आणि त्यांना सगळी माणसं आवडत होती, व्यासपीठावर लांबण लावणारीसुद्धा.

निघायच्या दिवशी धक्क्यावर ती हॉटेलातली बाई निरोप द्यायला आली. सासऱ्यांनी सकाळचा चहा अंगणात घेतला होता. आणि ज्याच्यावर कप फेकला त्याच न्हाव्याला बोलावून घेतलं होतं, म्हणाले की दर महिन्याला येत जा, आता कप फेकणार नाही. सभा चालवणाऱ्या यजमान क्लबच्या बाईंनी हे कुठून तरी ऐकलं होतं. त्यांनीही बेटावरच्या दवाखान्यात अशी फेरी सुरू करायचं मनावर घेतलं होतं, आणि वहिनींकडून बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. कंगवा जाड दातांचा घ्यायचा की बारीक, माणूस नको म्हणाला तर काय करायचं. दुसऱ्या प्रश्नाला वहिनींनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

घरी आल्यावर अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला तो भाषण कसं झालं हा. वहिनींना संकोच वाटला. सासूबाईंनीच सांभाळून घेतलं. त्या म्हणाल्या की भाषण फार उंचीचं होतं, तिकडच्या लोकांना झेपलं नसतं, म्हणून हिने साधंच सांगितलं. अध्यक्षांना ते पटलं आणि आवडलंही.

पुढच्या सोमवारी वहिनी इस्पितळात निघाल्या तर सासूबाई तयार होऊन दारात उभ्या. त्या दिवसापासून दोघी जोडीने जातात. वहिनी केस कापतात, सासूबाई डोकी धरतात आणि तोंड चालू ठेवतात. जे कोणाचं ऐकत नाहीत त्यांना नर्स आता परस्पर सासूबाईंच्या हवाली करते. बेटाची हकीकत वॉर्डात सगळ्यांना पाठ झाली आहे. तिच्यातल्या लाटा दर खेपेला थोड्या उंच होतात आणि वहिनी कधी मधे बोलत नाहीत.

मध्यंतरी एका सोमवारी वहिनींना ताप होता. त्यांनी जायचं रद्द केलं, तर सासूबाई कंगवा आणि तेल घेऊन एकट्याच गेल्या. कापता येत नसलं तरी विंचरता तर येतं, म्हणाल्या. दुपारी परत आल्या त्या थेट सुनेच्या पलंगावर येऊन बसल्या. खिडकीजवळच्या गवंड्याचं प्लास्टर निघालं, नव्या मुलीने आज पहिल्यांदा वेणी घालू दिली, कोपऱ्यातल्या आजी तुझी चौकशी करत होत्या. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. सासूबाई बोलता बोलता त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या, आणि ताप असूनही वहिनींना वाटत होतं की त्यांनी आणखी थोडा वेळ असंच सांगत बसावं.